पब्लिक ॲक्सेस चॅनेल: बोलायचा हक्क घटनेतला की करारपत्रातला?

हडसनकाठ

अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत केबलवर कुठल्यातरी कोपऱ्यात एक 'पब्लिक ॲक्सेस', म्हणजे सामान्य लोकांना खुलं असलेलं चॅनेल असतं. कधी तिथे शाळासमितीची बैठक चालू असते, कधी चर्चमधलं प्रवचन, कधी एखादे निवृत्त मास्तर स्वतःच्या परसबागेवर अर्धा तास बोलत असतात. आवाज घुमतो, कॅमेरा हलतो, आणि बघणारा पुढच्या चॅनेलवर जातो. मला मात्र त्याचं कौतुक आहे. तिथे बोलायला जाहिरातदार लागत नाही, संपादकाची मर्जी लागत नाही. नाव नोंदवा, वेळ घ्या, बोला.

हे आपोआप घडलेलं नाही. १९७० साली न्यूयॉर्क शहराने मॅनहॅटनमध्ये केबल टाकणाऱ्या दोन कंपन्यांना परवाना देताना अट घातली की काही चॅनेल सामान्य लोकांसाठी मोकळे ठेवायचे. रस्ता शहराचा, तो खणून तुम्ही तारा टाकणार, तर त्या बदल्यात हे द्या, असा साधा सौदा. त्याच सुमारास जॉर्ज स्टोनी नावाचे माहितीपटकार कॅनडातून न्यूयॉर्क विद्यापीठात आले आणि रेड बर्न्स यांच्यासोबत त्यांनी लोकांच्या हातात व्हिडिओ कॅमेरा देण्याचं केंद्र सुरू केलं. कॅनडाच्या सरकारी चित्रपट मंडळात ते असाच प्रकल्प चालवत होते: ज्यांच्यावर फिल्म काढायची, त्यांनाच ती काढू द्यायची.

१९७२ मध्ये एफसीसीने, म्हणजे केबल-प्रक्षेपणावर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या केंद्रीय आयोगाने, मोठ्या शहरांतल्या केबल कंपन्यांना असे चॅनेल देणं सक्तीचं केलं. कंपन्या कोर्टात गेल्या. १९७९ मध्ये मिडवेस्ट व्हिडिओच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की एफसीसीला एवढा अधिकार कायद्याने दिलेलाच नाही. मग १९८४ च्या केबल कायद्याने तो अधिकार स्थानिक सरकारांकडे दिला. करार करताना तुम्ही जनता, शिक्षण आणि प्रशासन यांच्यासाठी चॅनेल मागू शकता, आणि ते दिल्यावर केबल कंपनीने मजकुरात ढवळाढवळ करायची नाही.

आता मूळ मुद्दा. मॅनहॅटनमधले हे चॅनेल चालवते मॅनहॅटन नेबरहूड नेटवर्क, म्हणजे एमएनएन. संस्था खासगी, विनानफा, पण तिची नेमणूक शहराने केलेली. डीडी हॅलेक आणि हेसूस पापोलेतो मेलेंडेझ या दोघांनी एक फिल्म केली: ईस्ट हार्लेमकडे एमएनएनचं लक्ष नाही, अशी टीका करणारी. ती २०१२ मध्ये एमएनएनवरच लागली. तक्रारी आल्या, आणि पुढे संस्थेने दोघांनाही आपल्या सोयी वापरायला बंदी केली. हॅलेकबाई कोण? १९८१ पासून पब्लिक ॲक्सेससाठी कार्यक्रम करणाऱ्या, ही चळवळ उभी करणाऱ्यांपैकी एक!

दोघं कोर्टात गेले, की हा आमच्या भाषणस्वातंत्र्याचा भंग आहे. १७ जून २०१९ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी सांगितलं की एमएनएन म्हणजे सरकार नव्हे, सबब भाषणस्वातंत्र्याचं रक्षण करणारी पहिली घटनादुरुस्ती तिला लागूच होत नाही.

मला हा निकाल पटलेला नाही. तुमचं काय मत?

पेठेतला

थांबा जरा. कोणीही म्हणजे अगदी कोणीही? शिव्या घालणारा, कपडे काढून नाचणारा, दुसऱ्या वंशाबद्दल गरळ ओकणारा? आणि केबलवाल्याने हाताची घडी घालून बसायचं? हे चॅनेल लोकांनी कधीच बंद कसे पाडले नाहीत?

हडसनकाठ

पाडले की! कॅन्सस सिटीत १९८८ साली नेमकं तेच झालं. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांचं वर्चस्व मानणाऱ्या संघटनेच्या लोकांनी पब्लिक ॲक्सेसवर वेळ मागितली. ज्या वस्तीत स्टुडिओ होता तिथे बहुसंख्य कृष्णवर्णीय. नगरपरिषदेने विचार केला, क्लॅनला नाही म्हणता येत नाही, तर चॅनेलच रद्द करू. क्लॅनने दावा लावला. १९८९ मध्ये संघीय न्यायाधीशांनी दावा फेटाळायला नकार दिला. एका गटाचं तोंड बंद करायला सगळ्यांचा चव्हाटा मोडला असेल तर तो घटनेचा प्रश्न होतो, असा त्याचा रोख. परिषदेने चॅनेल परत सुरू केलं. क्लॅनचा कार्यक्रम लागला, लोकांनी बघून नाकं मुरडली, आणि त्याच चॅनेलवर त्याला उत्तर देणारे कार्यक्रमही झाले.

नागडं नाचणाऱ्यांचीही सोय लावायचा प्रयत्न झाला. १९९२ च्या कायद्यात सिनेटर जेसी हेल्म्स यांनी कलम घुसवलं की केबल कंपनीला वाटलं तर तिने असले कार्यक्रम नाकारावेत. १९९६ मध्ये डेन्व्हरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाचे इतके तुकडे पडले की कोण कोणाशी कुठल्या परिच्छेदापुरतं सहमत आहे याचा तक्ता करावा लागतो. पैसे भरून भाड्याने घ्यायच्या चॅनेलवर कंपनी नकार देऊ शकते, हे टिकलं. पब्लिक ॲक्सेसवर तसा नकाराधिकार कंपनीला देणं मात्र घटनाबाह्य ठरलं. न्या. ब्रेयर यांनी कारण दिलं ते असं की हे चॅनेल मुळात कंपनीचे कधी नव्हतेच, त्यामुळे तिचं काही हिरावून घेतलेलं नाही.

काळाकोट

धागा उत्तम. वकिली चष्म्यातून थोडं.

अमेरिकन घटनेचं हे कलम सरकारला बांधतं, शेजाऱ्याला नाही. त्यामुळे कुठल्याही अशा खटल्यात पहिला प्रश्न असतो: समोरचा सरकार आहे का? खासगी माणूस किंवा संस्था 'सरकार' ठरण्याच्या वाटा फार थोड्या. एक वाट अशी की ती संस्था परंपरेने फक्त सरकारच करत आलंय असं काम करते, उदाहरणार्थ निवडणूक घेणं. १९४६ मध्ये अलाबामातल्या एका कंपनीच्या मालकीचं अख्खं गाव कोर्टाने सरकारसारखं मानलं होतं, कारण रस्ते, पोलीस, सगळं कंपनीचंच. पण पुढे ती वाट अरुंद होत गेली. १९७६ मध्ये शॉपिंग सेंटरच्या मालकाला ती लागू नाही असं ठरलं.

हॅलेकच्या खटल्यात न्या. कॅव्हनॉ यांनी हेच धरलं. दुसऱ्यांना बोलायला जागा देणं हे काम फक्त सरकारचं कधीच नव्हतं, म्हणाले. किराणा दुकानदार भिंतीवर फळा लावतो, विनोदी कार्यक्रमांचे क्लब कोणालाही माइक देतात. ते सगळे सरकार होतात का?

शेवंती

काळाकोट, समजा आमच्या नगरपालिकेचं नाट्यगृह आहे. पालिकेने ते चालवायला एका संस्थेला दिलं. अट अशी की तारखा मागेल त्याला, क्रमाने द्यायच्या. मी तिथे नाटक लावलं, त्यात त्या संस्थेचीच टर उडवली, आणि पुढल्या वेळी मला तारीख नाकारली. मी पालिकेला जाब विचारायचा नाही? 'आम्ही नाही, संस्थेने नाकारलं' हे उत्तर चालेल? मग सरकारने उद्या सगळंच ठेक्याने द्यावं, हक्कांची कटकटच नको.

काळाकोट

ताई, चार न्यायमूर्ती तुमच्या बाजूने होते. न्या. सोटोमायोर यांनी लिहिलेलं मतभेदाचं निकालपत्र अगदी याच वाटेने जातं: सरकारने नेमलेल्या संस्थेने सरकारने उघडलेला चव्हाटा चालवला आहे, हा काही आपलं अंगण पाहुण्यांना मोकळं करणारा घरमालक नाही. गिन्सबर्ग, ब्रेयर आणि केगन त्यांच्यासोबत.

बहुमताने तुमचं उदाहरण कुठे तोडलं ते बघा. नाट्यगृह पालिकेच्या मालकीचं आहे. इथे तार टाइम वॉर्नर या केबल कंपनीची, चॅनेल तिच्याच यंत्रणेवर. शहराकडे मालकी नाही, भाडेपट्टा नाही, असं बहुमत म्हणतं. सोटोमायोर म्हणतात की करारातून शहराला त्या चॅनेलांवर हक्क मिळालेला आहे. दुसऱ्याच्या शेतातून जायचा वहिवाटीचा रस्ता असतो तसा मालमत्तेतलाच हक्क. एकदा तो हक्क शहराचा मानला की पुढचं सगळं बदलतं. पाच विरुद्ध चारचा अख्खा वाद या एका मालकीच्या प्रश्नावर उभा आहे. भाषणस्वातंत्र्यावर त्या निकालात फारसं बोलणंच झालं नाही.

आणि एक गोष्ट वर्तमानपत्रांनी ठळकपणे लिहिली नाही. चॅनेल शहर स्वतः चालवत असेल तर वेगळा निकाल लागू शकतो, ही फट कोर्टाने ठेवली आहे. अमेरिकेत अनेक गावांत ते नगरपालिकाच चालवते. शिवाय न्यूयॉर्क राज्याचा नियम आहेच: आधी येईल त्याला आधी, भेदभाव न करता. तो मोडला तर राज्याच्या नियमाखाली भांडा, घटनेखाली नको, असा अर्थ.

खडूस_काका

मी एकटाच बहुमताच्या बाजूने दिसतोय, तर बोलतो.

एमएनएन ही माणसांनी चालवलेली संस्था आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना कोणी त्रास देत असेल, तर त्यांनी काय करावं? प्रत्येक बंदीसाठी संघीय न्यायालयात उत्तर द्यायचं? गावोगावच्या या संस्थांचा वार्षिक खर्च बघा, एका खटल्यात दिवाळं निघेल. घटना लागू केली की संस्था दोनच गोष्टी करू शकते: सगळं लावा, नाहीतर बंद करा. कॅन्सस सिटीने दुसरी गोष्ट केलीच होती.

दुसरं, इथल्या संपादक मंडळाने गेल्या महिन्यात माझे प्रतिसाद उडवले. मी घटनेचं कलम घेऊन त्यांच्या दारात जाऊ का?

मधली_सुट्टी

काका, जा ना. आम्ही वडापाव घेऊन बसतो बघायला.

हडसनकाठ

खडूस काका, तुमचा पहिला मुद्दा खरा आहे, पण त्याचा इलाज निराळा. चव्हाट्यालाही शिस्त लावता येते. स्टुडिओत मारामारी केली, उपकरणं मोडली, तर बाहेर काढा, घटना आड येत नाही. आड येते ती फक्त 'आमच्यावर टीका केली म्हणून' काढण्याच्या. हॅलेक यांच्या फिल्मबद्दल संस्थेचं म्हणणं होतं की तीत हिंसेला चिथावणी आहे. ठीक, मग ते कोर्टात तपासलं जाऊ दे. बहुमताने तपासायचं दारच लावून घेतलं.

आणि या संकेतस्थळाशी तुलना नको. इथल्या मालकाला कुठल्या महापालिकेने नेमलेलं नाही, आणि 'येईल त्याला जागा द्यायचीच' अशी सरकारी अट त्याच्यावर नाही.

काळाकोट

पण काकांनी नकळत निकालाचा खरा परिणाम सांगितला. हॅलेकचा निकाल केबलपेक्षा इंटरनेटवर जास्त वापरला गेला. यूट्यूबने आमचे व्हिडिओ मर्यादित केले म्हणून प्रेगर युनिव्हर्सिटी ही व्हिडिओ बनवणारी संस्था यूट्यूबच्या मालक गूगलविरुद्ध कोर्टात गेली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने हॅलेकचा आधार घेऊन सांगितलं की यूट्यूबवर अब्जावधी लोक येत असले तरी ते खासगीच. मग टेक्सास आणि फ्लोरिडाने कायदे केले की मोठ्या समाजमाध्यमांनी मजकूर काढताना बंधनं पाळावीत. १ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने नेटचॉइस या इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेच्या खटल्यात दोन्ही प्रकरणं खाली परत पाठवली. पण जाता जाता बहुमताने लिहिलं की कुठला मजकूर ठेवायचा, कुठला काढायचा हे ठरवणं हेसुद्धा संपादन आहे, आणि संपादनाला संरक्षण आहे.

म्हणजे मॅनहॅटनच्या दोन हौशी निर्मात्यांच्या भांडणातून निघालेलं वाक्य सिलिकॉन व्हॅलीच्या कामी आलं.

अँटेना

भारतातलं कोणी लिहिणार का? मला आठवतंय, नव्वदच्या दशकात आमच्या सांगलीत केबलवाल्याचा स्वतःचा चॅनेल असायचा. संध्याकाळी गावातल्या बातम्या, गणपती विसर्जन, नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या पट्ट्या, रात्री कॅसेट लावून नवा सिनेमा. तोही लोकांचाच चॅनेल होता की.

पेठेतला

लोकांचा कसला. केबलवाल्याचा आणि त्याच्या मेव्हण्याचा. विरोधी पक्षाच्या सभेची बातमी लागलेली आठवतेय का कधी?

काळाकोट

पेठेतल्यांचं बरोबर. भारतात कायद्याने असा हक्क कधी दिलाच नाही. १९९५ च्या केबल कायद्यात दूरदर्शनचे चॅनेल दाखवणं सक्तीचं आहे, कार्यक्रम संहिता आहे, प्रक्षेपण थांबवायचे अधिकार आहेत. नागरिकाला वेळ मागायचं कलम नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या की केबल कंपन्यांनी स्वतःचे स्थानिक चॅनेल एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच ठेवावेत. तीही कंपनीचीच जागा.

पण न्यायालयात मात्र आपल्याकडे भाषा फार मोठी वापरली गेली, आणि त्यात महाराष्ट्राचे धागे आहेत. १९८८ चा ओडिसी कम्युनिकेशन्सचा खटला बघा. दूरदर्शनवर 'होनी अनहोनी' नावाची भुताखेतांची मालिका लागायची. लोकविज्ञान संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली की ही अंधश्रद्धा पसरवते, थांबवा. उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई दिली. सुप्रीम कोर्टाने ती उठवली आणि म्हटलं की दूरदर्शनवर, अटी पाळून, चित्रपट दाखवायचा नागरिकाचा हक्क हा घटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या भाषणस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, वर्तमानपत्रात लेख लिहिण्यासारखाच.

शेवंती

गंमत आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्यांच्या याचिकेतून भुताच्या मालिकेला घटनेचं संरक्षण मिळालं! माझी सहानुभूती संघटनेला, पण निकाल बरोबर वाटतो.

काळाकोट

मलाही. आणि १९९५ चा क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालचा निकाल. १९९३ च्या हीरो कपच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची संघटना भांडली. निकाल दिला तो मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या न्या. पी. बी. सावंतांनी, न्या. जीवन रेड्डींनी स्वतंत्र मत जोडलं. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता, त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, त्यांचं नियमन समाजाच्या सगळ्या थरांचं प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वायत्त यंत्रणेने करावं. वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या मालमत्तेतली एक इंच जागासुद्धा टीव्हीवर सामान्य माणसाला मिळाली नाही. सरकारी परवानगीने खासगी चॅनेल आले, एवढंच. अमेरिकन कोर्टाने तार खासगी आहे असं निक्षून सांगितलं, तरी तिथे गावच्या माणसाला चॅनेल आहे, कारण नगरपालिकेने सही करताना मागून घेतलं.

अँटेना

सामुदायिक रेडिओ आहे ना? म्हसवडला माणदेशी तरंग आहे.

काळाकोट

आहे, आणि तो उत्तम अपवाद आहे. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना परवाने मिळतात. पण स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच पुन्हा लावायच्या. गावातल्या पाण्याच्या टँकरवर चर्चा चालते, टँकर कोणी पळवला ही बातमी चालत नाही.

थंडीवाली

मी बॉस्टनजवळच्या गावातल्या ॲक्सेस स्टुडिओत स्वयंसेवक आहे, म्हणून जमिनीवरचं सांगते. तुम्ही सगळे निकालांवर भांडताय, इथे प्रश्न पैशांचा आहे.

आमच्याकडे कोणीही रहिवासी आला की आधी कॅमेरा आणि एडिटिंगचा छोटा वर्ग, मग कागदावर सही: मजकुराची जबाबदारी माझी, आणि त्यातल्या गाण्या-चित्रांचे हक्क माझ्याकडे आहेत. आपल्या मंडळाचा गणेशोत्सव मी चित्रित केला तेव्हा याच सहीपाशी अडले. मुलींचे सगळे नाच सिनेमाच्या गाण्यांवर! शेवटी ढोलताशा, आरती आणि मुलाखती एवढंच लावलं. ते गावातल्या लोकांनी एवढं बघितलं की वाचनालयात एक आजी मला थांबवून लेझीमबद्दल विचारत होत्या. आमच्याकडे कोणी काय बोलतो यावर भांडण क्वचित होतं. हक्काच्या सहीवरून मात्र रोज.

आता पैसा. केबल कंपनीच्या केबल उत्पन्नावर गाव जास्तीत जास्त ५ टक्के शुल्क घेऊ शकतं, ही १९८४ च्या कायद्याची मर्यादा. कॅमेरे आणि इमारतीसाठीचा भांडवली पैसा त्याबाहेर मागता येतो, पण पगार त्या पाचांतूनच. इंटरनेटचं बिल यात धरत नाहीत. लोक केबल तोडून नेटफ्लिक्सकडे गेले की शुल्क आटतं, जरी तार तीच, कंपनी तीच आणि खांबही तेच असले तरी. नेटफ्लिक्सकडूनही हे शुल्क मिळावं म्हणून काही शहरांनी दावे लावले, पण फारसं हाती लागलं नाही. त्यात २०१९ मध्ये एफसीसीने नियम केला की कंपनी गावाला ज्या सेवा फुकट देते त्यांची किंमतही या पाच टक्क्यांत मोजायची. कोर्टात तो बराचसा टिकला, फक्त किंमत कमी धरायला लावली.

म्हणून हडसनकाठ, मला हॅलेकचा निकाल दुःखद वाटतो पण त्याने आमचं काही अडलं नाही. आमचा चॅनेल उद्या बंद पडला तर तो शुल्क आटल्यामुळे पडेल.

खडूस_काका

थंडीवालींना माझं अनुमोदन. मग सरळ यूट्यूबवर टाका की. स्टुडिओ कशाला हवा?

थंडीवाली

टाकतोच, काका. पण यूट्यूबने काढलं तर मी कोणाला फोन करू? इथे काढलं तर पुढच्या सोमवारी सिलेक्ट बोर्डाच्या, म्हणजे गावाच्या निवडून आलेल्या मंडळाच्या बैठकीत उभी राहून विचारते, आणि ती बैठक आमच्याच चॅनेलवर थेट लागते.

हडसनकाठ

हे उत्तर मला आवडलं. घटनेतला हक्क नाही मिळाला तरी करारातला हक्क मागायला जागा आहे, आणि मागणारा त्याच गावचा मतदार आहे. निकालाबद्दलचं माझं मत कायम, पण काळाकोट म्हणतात ती फट मला आता जास्त महत्त्वाची वाटते. गावाने चॅनेल स्वतः चालवायला घेतलं तर घटनाही परत येते.

खडूस_काका

आणि मग निवडून आलेला अध्यक्ष ठरवणार कोणाला कुठली वेळ. शुभेच्छा.

मधली_सुट्टी

प्रश्न: आमच्या न्यू जर्सीच्या गावात असा चॅनेल आहे, पण त्यावर दिवसरात्र नगरपालिकेच्या सूचनांच्या स्लाइड फिरतात, मागे लिफ्टमधलं संगीत. मराठी शाळेच्या मुलांचा कार्यक्रम लावायचा असेल तर कोणाला विचारायचं?

थंडीवाली

आधी टाऊन क्लार्ककडे केबलचा करार मागा, तो सार्वजनिक कागद आहे. त्यात दोन गोष्टी बघा. चॅनेल 'पब्लिक' म्हणून दिलाय की फक्त 'गव्हर्नमेंट' म्हणून. बऱ्याच गावांत दुसरंच असतं, आणि मग तुमचा हक्क नसतो, पालिकेची मर्जी असते. दुसरं म्हणजे कराराची मुदत कधी संपते. नूतनीकरणाची औपचारिक प्रक्रिया मुदतीच्या तीन वर्षं आधी सुरू करता येते, आणि गावाच्या गरजा काय आहेत हे लोकांना विचारणं तिचा भाग असतो. लोक येतच नाहीत, म्हणून कंपनी देईल तेवढ्यावर गाव सही करतं. तुमच्या शाळेचे वीस पालक जाऊन 'पब्लिक चॅनेल आणि एक कॅमेरा हवा' म्हणाले तर नोंद होते.

मधली_सुट्टी

करार मिळाला, पीडीएफ आहे. चॅनेल 'गव्हर्नमेंट' म्हणूनच दिलाय. मुदत २०२९. पालकांच्या ग्रुपवर टाकतो.